अल्बुकर्कीला पहिल्यांदाच क्रूमध्ये येताय?

ऑक्टोबरात अमेरिकेतल्या या शहरात बलून फिएस्टाला, म्हणजे गरम हवेच्या बलूनच्या महोत्सवाला, क्रू (पायलटचे जमिनीवरचे मदतनीस) म्हणून येताय, वाचून फार आनंद झाला! उडायचं नंतर बघू, आधी जमिनीवरचं काम शिका.

सगळ्यात महत्त्वाचं: दोर कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नका. बलून उचलला जाऊ लागला की टोपली असो वा दोर, ताबडतोब सोडा. पाय जमिनीवरून सुटता कामा नयेत. मदतीच्या भरात माणसं लोंबकळत वर गेली आहेत आणि पडून जिवाला मुकली आहेत. पायलटने 'सोडा' म्हटलं की सोडायचं, विचार करत बसायचं नाही.

बाकी नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- नायलॉनचे कपडे. बर्नरच्या आचेने ते वितळून कातडीला चिकटतात. सुती किंवा लोकरी घाला, चामड्याचे हातमोजे हवेतच.
- हवा भरणाऱ्या पंख्याजवळ मफलर, मोकळे केस.
- जमिनीवर पसरलेल्या बलूनच्या कापडावर पाय देणं.
- बलून फुगत असताना फोटो काढणं. तेव्हा दोन्ही हात कामाला लागतात.

शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, पहाटे चांगलंच गारठतं. काढता येतील असे थरावर थर घाला.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वेशातले 'झेब्रा' (उड्डाण-नियंत्रक) उड्डाणाचा इशारा देतात, तोवर त्यांच्या आणि पायलटच्या मधे येऊ नका. उड्डाणानंतर बलूनचा गाडीने पाठलाग. बलून कुणाच्या शेतात उतरला, तर आधी मालकाची परवानगी, मगच गाडी आत.

खालचा वारा दक्षिणेला आणि वरचा उत्तरेला नेतो, म्हणून उंची बदलत निघालो तिथेच जवळपास परत येता येतं; त्या प्रसिद्ध 'बॉक्स'चं गणित पुढच्या वर्षी शिकू.