बॉक्स विंगची लिफ्ट सिम्युलेशनमध्ये दीडपट आली, तर ती खरी मानायची का?

तुम्ही लिहिलंय की साध्या पंखासारखेच दोन पंख वरखाली ठेवून टोकं उभ्या पट्ट्यांनी जोडली, म्हणजे बॉक्स विंग केली, आणि त्याच कोनाला सीएफडीमध्ये (हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये) एका साध्या पंखाच्या दीडपट लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, मिळाली. आकडा खरा असू शकतो. पण बॉक्स विंग जास्त उचलते, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

क्षेत्रफळ दुप्पट झालं आणि लिफ्ट दीडपट, म्हणजे दर चौरस मीटरला पाऊणच लिफ्ट उरली! दोन्ही पंख एकमेकांचा प्रवाह बिघडवतात, त्यामुळे लिफ्ट दुप्पट होतच नाही. मीही सुरुवातीला रेफरन्स एरिया, म्हणजे लिफ्टचा गुणांक काढताना ज्याने भागतात ते क्षेत्रफळ, एकाच पंखाचा भरला होता आणि त्या फुगलेल्या गुणांकावर दोन आठवडे पुढची गणितं केली.

या रचनेची खरी कमाई ड्रॅगमध्ये, म्हणजे हवेच्या विरोधात, आहे. जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रान्टल यांनी १९२४ मध्येच तिचं गणित मांडलं: तेवढाच स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी), तेवढीच लिफ्ट आणि पंखांमधली उंची स्पॅनच्या एक पंचमांश असेल, तर इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्ट तयार होताना सोबत येणारा ड्रॅग, एकाच पंखाच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांशाने घटतो. मला हे आजही फार सुंदर वाटतं. म्हणून तुलना करताना स्पॅन, एकूण क्षेत्रफळ आणि लिफ्ट सारखी ठेवा, आणि ड्रॅग बघा.

एकूण क्षेत्रफळ तेच ठेवलं की प्रत्येक पंखाची रुंदी निम्मी होते, आणि छोट्या मॉडेलला ते महागात पडतं. सेकंदाला १५ मीटर वेग आणि २० सेंटिमीटर कॉर्ड (पंखाची रुंदी) असेल तर रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग आणि आकाराच्या मानाने हवेचा चिकटपणा किती जाणवतो हे सांगणारा आकडा (तो जितका लहान तितका चिकटपणा जास्त), सुमारे २ लाख. कॉर्ड १० सेंटिमीटर केली की १ लाख. इतक्या खाली पंखावरचा शांत प्रवाह सुटून पुन्हा चिकटतो, त्याचा बुडबुडा तयार होतो. प्रवाह सुरुवातीपासूनच टर्ब्युलंट (खळबळता) धरणाऱ्या के-ओमेगा एसएसटी या सीएफडीतल्या नेहमीच्या मॉडेलला तो दिसत नाही. शांत प्रवाह टर्ब्युलंट कुठे होतो हे धरणारं ट्रान्झिशन मॉडेल लावा, नाहीतर इंड्यूस्ड ड्रॅगमध्ये वाचवलेलं घर्षणात गेलं का, हे कळणारच नाही.

आकार निवडायला सीएफडी वापरू नका. एव्हीएल किंवा एक्सएफएलआर५ या सॉफ्टवेअरमधली व्हॉर्टेक्स लॅटिस ही सोपी, झटपट गणिताची पद्धत काही सेकंदांत उत्तर देते. तिला स्टॉल (कोन फार वाढल्यावर प्रवाह सुटून लिफ्ट कोसळणं) कळत नाही, पण पन्नास आकारांतून तीन निवडायला ती पुरते. ते तीनच सीएफडीत न्या, आणि त्याआधी साधा सरळ पंख चालवून बघा. आस्पेक्ट रेशो (स्पॅन भागिले रुंदी) ८ असेल तर हाताच्या गणिताने लिफ्टचा गुणांक पंखाच्या कोनाच्या दर अंशाला सुमारे ०.०८८ ने वाढायला हवा. तुमचा त्याच्या आसपासही नसेल, तर चूक बहुधा मेशमध्ये (गणितासाठी हवेचे पाडलेले बारीक तुकडे) किंवा सिम्युलेशनच्या हवेची सीमा पंखाच्या फार जवळ आणण्यात आहे. जुळला, तर मेश दोनदा बारीक करून आकडा हलतो का बघा.

बॉक्समध्ये सगळ्यात जास्त मेश त्या चार कोपऱ्यांना द्या, जिथे पंख उभ्या पट्टीला मिळतो. प्रवाह बहुधा तिथेच आधी सुटतो. स्टॉलनंतरचे स्टेडी (प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं धरून काढलेले) आकडे मात्र अहवालात घालू नका.