आई म्हणते, आजीचे कष्ट लिही, उपासमार नको

प्रिय ताई,
मी 35 वर्षांची, पुण्यात राहते. बाबा सांगली जिल्ह्यातले. 80 च्या दशकात इंजिनिअरिंगसाठी कीवला गेले आणि तिथेच आईशी लग्न करून परतले. आई युक्रेनच्या विन्नित्सा भागातल्या एका खेड्यातली. तिची आई, माझी बाबुस्या, 1929 सालची. जन्मभर शुगरबीटच्या शेतात राबली आणि 95 व्या वर्षी गेली. युद्धामुळे आईला अंत्यविधीला जाता आलं नाही. बाबुस्याला शेवटपर्यंत माझ्या मामेबहिणीने सांभाळलं. आपल्या शेवटच्या दिवसाचे कपडे, डोक्याचा रुमाल, मेणबत्त्या असं गाठोडं बाबुस्याने कितीतरी वर्षं आधीच बांधून ठेवलं होतं, ते या मामेबहिणीनेच सोडलं. मला घरच्यांसाठी बाबुस्यावर एक छोटी पुस्तिका करायची आहे. आई म्हणते, "ती कष्टाळू होती, प्रेमळ होती, एवढंच लिही. उपासमार, युद्ध काही नको." मामेबहीण म्हणते, सगळं लिही. परवा हा विषय काढला तर आई जेवण अर्धवट टाकून उठून गेली. माझ्याकडे स्वतःच्या आठवणी म्हणजे लहानपणच्या काही सुट्ट्या. त्यातली सगळ्यात ठळक अशी, की मी अर्धा पाव टाकला म्हणून बाबुस्या माझ्यावर जोरात ओरडली होती. एवढ्यावर मला लिहायचा हक्क आहे का?

प्रिय मैत्रिणी,

त्या अर्ध्या पावापासूनच लिहायला घे. तुझ्या पत्रातली तीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली, आणि आईशी चाललेल्या वादाचं उत्तरही तिच्यातच आहे.

ही आठवण तू नुसती लिहिलीस, मागचं-पुढचं काही न सांगता, तर तुझी बाबुस्या वाचणाऱ्याला खाष्ट म्हातारी वाटेल. सुट्टीला आलेल्या नातीवर पावाच्या तुकड्यासाठी ओरडणारी. ती तशी नव्हती हे तुझ्या आईला ठाऊक आहे, तुलाही आतून ठाऊक आहे. पण वाचणाऱ्याला ते कळायचं तर 1929 हे साल नीट वाचावं लागेल. ती तीन-चार वर्षांची होती तेव्हा, 1932-33 मध्ये, स्टालिनच्या राजवटीने युक्रेनच्या खेड्यांतलं धान्य उचलून नेलं. युक्रेनी लोकसंख्यातज्ज्ञांचा मृत्यूंचा अंदाज सुमारे 39 लाखांचा आहे. 7 ऑगस्ट 1932 च्या हुकमाने सामूहिक शेतातली पडलेली कणसं वेचणंसुद्धा सरकारी मालमत्तेची चोरी ठरलं, आणि त्या चोरीला दहा वर्षांची कैद किंवा थेट गोळी. लोकांनी झाडाचा पाला खाल्ला, बाभळीसारख्या झाडाची फुलं खाल्ली, गोठून सडलेले बटाटे खाल्ले. त्यांच्याकडे लोबोदा नावाची भाजी उगवते, आपल्या चाकवताची नातेवाईक. तिच्या भाकऱ्या करून माणसं जगली. विन्नित्साचा मुलूख यातून सुटला नव्हता.

तीन वर्षांच्या पोरीला यातलं काय आठवणार, असं तू म्हणशील. पण तिला वाढवलं ते यातून वाचलेल्या बाईने, तुझ्या पणजीने. शिवाय 1946-47 मध्ये तिथे पुन्हा दुष्काळ पडला आणि पुन्हा धान्याची सक्तीची वसुली झाली, तेव्हा बाबुस्या 17 वर्षांची होती. त्या पिढीच्या बायका टेबलावरचा पावाचा चुरा तळहातावर गोळा करून तोंडात टाकतात. त्या घरात तू अर्धा पाव टाकलास आणि ती ओरडली. मला तर वाटतं, नातीपाशी ती तिच्या आयुष्याबद्दल उघडपणे बोलली असेल ती त्या एका क्षणी.

आता आईचं. तिच्यावर चिडू नकोस. तिचा नकार दोन ठिकाणांहून येतो आहे असं मला वाटतं, आणि दोन्ही ठिकाणं समजण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे, ती ज्या देशात वाढली तिथे या उपासमारीचा उच्चार करायचा नसे. शाळेच्या पुस्तकात ती नव्हती. युक्रेनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखाने तिचा जाहीर उल्लेख केला तो डिसेंबर 1987 मध्ये. तोवर तुझी आई लग्न होऊन संसाराला लागली असेल. ज्या घरात आजीने आईला आणि आईने लेकीला "बाहेर बोलू नकोस" असंच सांगितलं, तिथली सवय पुण्यात राहून जात नाही. आणि फेब्रुवारी 2022 पासून तिला इथे भेटणारा प्रत्येक जण युक्रेनचं नाव निघालं की चेहरा पाडतो. आपल्या आईकडे तरी कोणी त्या "अरेरे"ने बघू नये असं तिला वाटत असेल तर तो तिचा स्वाभिमान आहे.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. तुझ्या आईला मातीला जाता आलं नाही. आईचं ते गाठोडं सुटताना लेकीने तिथे असायचं, ते सोडलं भाचीने. हे तुझ्या आईने तुला बोलून दाखवलं नसेल, पण ती ताटावरून उठली ती मला यामुळेच उठली असं वाटतं. बाबुस्याच्या दुःखाबद्दल बोलायचं म्हणजे तिच्या शेवटच्या वर्षांबद्दल बोलायचं, आणि तिथे ती स्वतः नव्हती.

म्हणून तिला दुःखाबद्दल विचारूच नकोस. कामाबद्दल विचार.

"कष्टाळू" हा शब्द मला एकटा सोडवत नाही. आपणही आपल्या आज्यांना तो लावतो आणि विषय संपवतो. जणू कष्ट हा त्या बाईचा स्वभाव होता, गोऱ्या रंगासारखा किंवा गोड गळ्यासारखा. कोणतं काम, किती वाजता, कोणासाठी, कोणाच्या सक्तीने, बदल्यात काय मिळालं, हे विचारलं की त्या शब्दातून माणूस बाहेर येतो. तुझ्या बाबांच्या जिल्ह्यात साखर उसातून येते. बाबुस्याच्या मुलखात ती जमिनीखालच्या कंदातून येते. जुन्या बियाण्याच्या एकेका गोळ्यातून बीटची दोन-चार रोपं एकदम उगवायची. त्यातलं एकच ठेवून बाकीची काढायची, म्हणजे विरळणी, आणि ती सगळी हाताने, मे-जूनच्या उन्हात, वाकून. ओळीच्या ओळी प्रत्येक बाईच्या नावावर लावून दिलेल्या. त्याआधी आणि त्यानंतर लांब दांड्याच्या कुदळीने तण काढायचं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात चिखलातून कंद उपटायचे, पाला कापायचा, ढीग घालायचे, बर्फ पडायच्या आत. त्यांच्याकडे बीटच्या शेतावर प्रामुख्याने बायकाच असत. आईला विचार, आजीच्या तुकडीत किती जणी होत्या? म्होरकी कोण होती? दुपारचं काय बांधून न्यायच्या? कंबर धरली की कशाने शेकायच्या? येताना गात यायच्या का? मला खात्री आहे, या प्रश्नांना ती ताटावरून उठणार नाही.

मग मोबदल्याचं विचार. सामूहिक शेत, म्हणजे कोल्होस्प, त्यात बराच काळ रोख पगार नव्हता. दिवसभराच्या कामाची वहीत एक रेघ ओढून नोंद व्हायची आणि वर्षअखेरी त्या हिशोबाने धान्य, उरलं तर थोडे पैसे. तिथली माणसं म्हणत, आम्ही रेघांसाठी राबलो. दरमहा ठरलेला पगार सुरू झाला 1966 मध्ये. पेन्शन त्याच्या एक वर्ष आधी, कमीत कमी 12 रूबल महिना. तुझ्या पणजीला ते मिळालं का, हेही विचारून घे.

आणि एक गोष्ट आईला मुद्दाम विचार, कारण ती तिच्या स्वतःच्या आयुष्याला येऊन भिडते. सोव्हिएत देशात खेड्यातल्या बहुतेक माणसांकडे अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात राहायला-फिरायला लागणारं ओळखपत्रच नसे. गाव सोडून शहरात राहायचं तर आधी कचेरीतून दाखला काढा. 1974 मध्ये निर्णय होऊन 1976 पासून पासपोर्ट वाटायला सुरुवात झाली. म्हणजे बाबुस्याच्या हातात तो आला असेल तेव्हा ती निदान 47 वर्षांची होती. तुझी आई पुढच्या काही वर्षांतच कीवला गेली, आणि तिथून पुण्याला आली. बाबुस्याने तिला कसं सोडलं? काय बांधून दिलं? घरात कोण विरोधात होतं? लेकीने बाहेर पडावं असं त्या माउलीलाच वाटत असेल, तर आईच्या मनावरचं "मी गेले, मी नव्हते" हे ओझं थोडं तरी हलेल. मी हे आश्वासन म्हणून सांगत नाही. विचारून बघ.

घरच्या कामाला मात्र वेगळी पानं दे, कारण कोल्होस्पचं शेत सरकारचं होतं आणि घरामागचा तुकडा तिचा होता. तिथे बटाटे, कांदे, कोबी, गाय, कोंबड्या. बटाट्यावरचे पट्टेरी किडे पोरांनी वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचे, ते तूही केलं असशील. गावाची गुरं पाळीपाळीने एकेका घराने चारायला न्यायची. काकड्या-टोमॅटो तीन लिटरच्या बरण्यांत घालून तळघरात. आणि संध्याकाळी फाटकापाशी बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत शेजारणींशी गप्पा. हे शेवटचं विसरू नकोस. ती बसलेलीही लिही. तिला काय आवडायचं, कशावर हसायची, कोणत्या शेजारणीशी पटायचं नाही, घरापुढे कोणती फुलं लावायची. कामाला जुंपलेली आजी सगळ्यांनाच सापडते, बाकावर टेकलेली शोधावी लागते.

तुझ्या हक्काबद्दल. तुझ्याकडे सुट्ट्यांपुरत्याच आठवणी आहेत, तर तेवढ्याच तुझ्या म्हणून लिही आणि बाकीच्या ज्याच्या त्याच्या नावाने लिही. "आई सांगते", "मामेबहीण सांगते". शेवटच्या वर्षांची पानं मामेबहिणीलाच लिहू दे, तिच्या युक्रेनीत, शेजारी तुझं मराठी. रात्री उठून पाणी दिलं ते तिने, सायरन वाजत असताना म्हातारीला सोडून कुठे गेली नाही तीही तीच. पुस्तिकेत तिचं नाव तुझ्या आधी असावं असं माझं मत आहे.

आणि आईशी एक स्पष्ट बोलणं कर. बाबुस्याने तिला खासगीत सांगितलेलं काहीही तिच्या परवानगीशिवाय छापायचं नाही, हा शब्द दे आणि पाळ. कोणत्या घरातलं कोण कसं गेलं, कोणी कोणाचं धान्य दाखवून दिलं, गावात अजून त्यांची नातवंडं राहतात. यात आई "नको" म्हणाली तर नकोच. पण 1933 साली त्या मुलखात काय झालं ही कोणाची खासगी गोष्ट नाही. तिथे दर नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी लोक खिडकीत मेणबत्ती लावतात, ती उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. तेवढं तू लिहायचंस, आणि ते आईला आधी वाचून दाखवायचंस, मराठीत, तुमच्या घरच्या भाषेत. ती गप्प बसली तरी चालेल. तिने एखादी ओळ खोडायला लावली तर भांडण्याआधी का ते विचार.

यात एक काम फक्त आईचं ठेव. त्यांच्याकडे थडग्यावर आधी साधा क्रूस असतो आणि माती बसली की साधारण वर्षाने दगड बसवतात. त्याचा खर्च आईने करावा, आणि दगडावर काय कोरायचं ते तिनेच ठरवावं. मामेबहिणीला आजच फोन करून विचार, दगड ठरला आहे का. नसेल तर आईला हे सांग आणि तिला थोडे दिवस दे. शिवाय मृतांच्या नावाने ते गहू शिजवून त्यात मध घालतात, कुठे मनुका, कुठे खसखस. सांगलीकडे खपली गव्हाची खीर होतेच, तेव्हा गहू कसा भिजवायचा हे बाबांना किंवा आत्याला ठाऊक असेल. वर्षाच्या दिवशी तो आईने करावा आणि तुम्ही सगळ्यांनी बसून खावा. बाबा "जाऊ दे, विषय नको" म्हणत असतील तर त्यांनाच गहू निवडायला बसव.

पुस्तिका त्या दिवसापर्यंत पुरी झाली नाही तरी काही बिघडत नाही. आईकडून बीटच्या शेताची चार पानं जरी मिळाली तरी ती त्या दिवशी मोठ्याने वाचा, आणि मामेबहिणीला व्हिडिओ कॉलवर घ्या.

तुझी,
ताई