ऐकणाऱ्याचा चेहरा

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते : नट पारखायचा असेल तर तो बोलत असताना नव्हे, ऐकत असताना बघावा. बहुतेक पत्रं त्याच वाक्यावर आली, काही चिडलेलीसुद्धा. बाकीचे प्रश्न पुढच्या खेपेला घेते.

प्रश्न : तुमचं ते वाक्य आवडलं, पण नीट डोक्यात शिरलं नाही. एखादा प्रसंग घेऊन सांगाल का?

उत्तर : हे शहाणपण माझं नाही, आजीचं आहे. शेवटची काही वर्षं तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. टीव्हीचा आवाज वाढवून तिला उपयोग नाही आणि आमचे कान किटायचे, म्हणून ती बघायला बसली की आवाज बंद. मी शेजारी पाटी-पेन्सिल घेऊन बसायचे आणि दोन-दोन शब्दांत लिहून दाखवायचे, 'ही बहीण', 'पैसे याने चोरले'. निम्म्या वेळा माझं लिहून व्हायच्या आत ती म्हणायची, "अगं, हिला आधीच ठाऊक होतं. त्याने तोंड उघडायच्या आधी हिने मान खाली घातली, बघितलं नाहीस?" मी बघितलेलं नसायचं. मी बोलणाऱ्याकडे बघत असायचे ना!

आता प्रसंग. सिडनी ल्युमेटचा 1957 चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मी किती वेळा पाहिला ते मोजणं सोडून दिलंय. 96 मिनिटांचा सिनेमा, बारा ज्युरर (म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेले साधे नागरिक), उकाड्याने जीव नकोसा झालेली एक खोली आणि बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा. शेवटाकडे दहा नंबरचा ज्युरर 'ही असली माणसं' म्हणून जे गरळ ओकायला लागतो, तो प्रसंग बघा. त्याच्याकडे बघू नका, तो आरडाओरडाच करतोय. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांकडे बघा. झोपडपट्टीत वाढलेला पाच नंबरचा ज्युरर आधी उठतो आणि पाठ फिरवतो. मग एकेक जण. कुणी खिडकीशी जातं, कुणी भिंतीशी. दहा नंबरचा आवाज तसतसा केविलवाणा होत जातो, कारण त्याला ऐकणारं कुणी उरत नाही. चार नंबरचा ज्युरर बसून राहतो आणि शेवटी शांतपणे त्याला गप्प बसायला सांगतो. प्रसंगात सगळ्यात जास्त वाक्यं दहा नंबरला आहेत, पण प्रसंग घडतो तो त्या पाठींवर.

आणखी एक गंमत सांगते, ही मला पहिल्या चार-पाच वेळा कळलीच नव्हती. सुरुवातीला ल्युमेटचा कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर असतो, मध्ये डोळ्यांच्या रेषेत येतो आणि शेवटच्या भागात डोळ्यांच्याही खाली जातो. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी चक्क छत दिसायला लागतं. म्हणजे खोलीसुद्धा ऐकतेय, असं मला वाटतं. (आमच्या घरी या वाक्याला हसतात.) हिंदीत हवा असेल तर बासू चटर्जींचा 1986 चा 'एक रुका हुआ फैसला' पाहा, याच गोष्टीवर आहे.

प्रश्न : सगळे म्हणतात, 'सहाव्या भागापर्यंत दम धर, मग मालिका पकड घेते.' एवढा वेळ कुणाकडे आहे? तुम्ही किती भाग देता?

उत्तर : तीन. आधी दोन द्यायचे. हा नियम का बदलला ते सांगायला लाज वाटते, पण सांगते.

'द वायर' ही पोलीस आणि अमली पदार्थांच्या धंद्यावरची मालिका, 2002 ते 2008, एकूण 60 भाग. मी दोन भाग पाहिले, कोण पोलीस आणि कोण कुणाचा माणूस याचा पत्ता लागेना, बंद केली आणि वर चारचौघांत 'रटाळ आहे' असं ठासून सांगत फिरले. बऱ्याच वर्षांनी तापाने पडून होते, उठून दुसरं काही लावायचा कंटाळा आला, म्हणून तिसरा भाग आपोआप सुरू झाला. त्यात धंद्यातला एक जरा वरच्या पायरीवरचा तरुण, डीअँजेलो, बोडी आणि वॉलेस या दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. पोरं त्या पटावर साधं चेकर्स खेळत असतात. राजा कसा, वजीर कसा, हत्ती कसा, हे सगळं तो धंद्यातल्या माणसांच्या भाषेत समजावतो. बोडी प्याद्यापाशी अडतो. प्यादं पार पलीकडे पोचलं तर काय होतं, हे त्याला पुन्हा विचारायचं असतं. डीअँजेलो म्हणतो, प्यादी लवकर मरतात. त्यावर बोडीचा चेहरा बघा! तो हरलेला नाही. प्यादं हुशार असेल तर वाचेल, असा हिशोब त्याने मनात मांडलाय. पुढे चौथ्या पर्वाच्या शेवटी हाच बोडी स्वतःला त्या पटावरच्या सोंगट्यांसारखा म्हणतो, तेव्हा मला तिसऱ्या भागातला तो चेहरा जसाच्या तसा आठवला. मी तो भाग न पाहताच मालिकेला रटाळ म्हणत होते.

लांबीवर मात्र जाऊ नका. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचे भाग अवघे बारा, सहा 1975 मध्ये आणि सहा 1979 मध्ये. संपले म्हणून मी रुसले होते.

प्रश्न : कुणीतरी शेवट फोडला तर माझा मूडच जातो. खुनी कोण हे कळल्यावर उरतं काय?

उत्तर : 'कोलंबो' उरतो! या अमेरिकन पोलीस-तपासाच्या मालिकेत खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवतात. 1971 साली मालिका नियमित सुरू झाली तेव्हाचा पहिला भाग स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला होता, जेमतेम चोविसाव्या वर्षी. रहस्य खुनाचं नसतंच, पकडणार कसं याचं असतं. कोलंबो झालेला पीटर फॉक स्वतःचाच चुरगळलेला रेनकोट घालून येतो, काहीबाही विचारतो, निघतो, दारापर्यंत पोचतो आणि वळून म्हणतो, आणखी एकच गोष्ट राहिली. मी त्या क्षणी फॉककडे बघतच नाही. खुन्याच्या चेहऱ्यावर 'सुटलो' आणि 'मेलो' यांच्यामधला जो अर्धा सेकंद असतो, त्यासाठी मी अख्खा भाग बघते. खुनी कोण हे माहीत नसतं, तर तो अर्धा सेकंद वायाच गेला असता.

तरी शेवट फोडणाऱ्यांशी मीही दोन दिवस बोलत नाही, हे खरं.

प्रश्न : मोबाइलवर सिनेमा पाहणं हा सिनेमाचा अपमान आहे का?

उत्तर : नाही. दुसऱ्या हातात दुसरा मोबाइल असणं हा आहे.

प्रश्न : तुमचा सिद्धान्त 'कोर्ट'ला लावून दाखवा. त्यात कॅमेरा इतका लांब असतो की चेहरे धड दिसतच नाहीत. तरी तो थोर सिनेमा आहे. मग?

उत्तर : पकडलंत! चैतन्य ताम्हाणेचा 2014 चा 'कोर्ट' माझाही लाडका, आणि त्यात माझी मात्रा तशीच्या तशी चालत नाही. एका शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. खटला चालतो तो बहुतेक लांबून, हलणारसुद्धा नाही अशा कॅमेऱ्यातून. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत सुटतात. दिग्दर्शक कुणाच्याच चेहऱ्याशी नेत नाही, म्हणून आपण चौकटीत स्वतःच ऐकणारा शोधायला लागतो : मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट बघणारी माणसं, कागद उलटणारा कारकून. आणि हळूहळू कळतं, की इथे ऐकणारं कुणी नाहीच. शेवटी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, अंधार होतो. सिनेमा संपला असं वाटून मी उठलेच होते. पण तो संपत नाही, आपण न्यायाधीशांबरोबर सुट्टीवर जातो. ते बाकावर डुलक्या घेत असतात, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

तेव्हा सिद्धान्त थोडा दुरुस्त करून घेते : ऐकणारा दिसत नसेल, तर तो का दिसत नाही हे बघावं.

प्रश्न : परभाषेतला सिनेमा डब केलेला पाहावा की सबटायटल्स वाचत? वाचण्यात चित्र निसटतं.

उत्तर : निसटतं, कबूल. तरी मी सबटायटल्सच्या बाजूची. डब करताना बोलणाऱ्याचा श्वास जातो आणि तिथे कुणी दुसराच माणूस बोलायला लागतो. ऐकणारा तेवढा शाबूत राहतो, कारण त्याला डब करता येत नाही.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) आजीबरोबर पाहिला होता. मुलगी दुर्गा गेलेली आहे आणि बाप हरिहर कित्येक दिवसांनी घरी येतो. त्याला काहीच माहीत नाही. तो बोलतच राहतो, आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो. सर्वजया ऐकते. मग तो दुर्गासाठी आणलेली साडी काढतो. सर्वजयाचा बांध फुटतो, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. राय यांनी तो काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य घातलं, संगीत रविशंकरांचं. सबटायटलला तिथे लिहायला काही नाही.

आजीला तर तारशहनाईही ऐकू येत नव्हती. मी पाटी ओढली आणि 'साडी दुर्गाची' असं लिहायला घेतलं. तिने पाटीवर हात ठेवला आणि पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "नको लिहूस."