डायफेन्थियुरॉन मारलं तरी माशी उडतीच आहे, आणि फवारणीनंतर चक्कर का येते : या आठवड्याचे प्रश्न

नमस्कार मंडळी, या आठवड्यात कपाशी आणि मिरचीवाल्यांचे बरेच प्रश्न आले, त्यातले तीन घेतो कारण तिन्हींचं मूळ एकच आहे, औषध शरीरात नेमकं कुठे काम करतं ते. जरा लांबेल, पण फवारणीला जायच्या आधी वाचा.

पहिला प्रश्न एका दादांचा. "साहेब पांढऱ्या माशीवर काल डायफेन्थियुरॉन मारलं, आज बघतो तर माशी जशीच्या तशी, दुकानदार म्हणतो प्रोफेनोफॉस मारून घ्या, मारू का?"

नका मारू दादा, थांबा. तुमच्या औषधात खोट नाही, तुम्हाला सवय आहे नसांवर चालणाऱ्या औषधांची, सकाळी मारलं की दुपारी किडे पाय वर करून पडलेले दिसतात. हे औषध नसेवर जातच नाही, ते जातं विजेवर. आता वीज कसली, तर किड्याच्या काय आणि तुमच्या-माझ्या काय, पेशीमध्ये बारीक बारीक वीजघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. कोयनेसारखंच समजा. आत एक पडदा असतो ती झाली भिंत, खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर भिंतीच्या एका बाजूला प्रोटॉन साठवतात ते झालं पाणी, आणि ते पाणी खाली उतरताना एक चाक फिरवतं (खरोखर फिरतं बरं का, उपमा नाही ही), त्यातून एटीपी तयार होतं. पेशीची सगळी कामं या एटीपीवर. आणि सगळ्यात जास्त युनिट कोण खातं, तर नसा. माणसाचा मेंदू वजनाला शंभरात दोन भाग पण शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा ओढतो, कारण प्रत्येक निरोप गेला की नसेतला सोडियम परत बाहेर उपसावा लागतो, संपलेलं केमिकल परत भरून ठेवावं लागतं, म्हणजे विहिरीवरची मोटर दिवसरात्र चालूच.

डायफेन्थियुरॉन ते चाक जाम करतं. पण बाटलीत असताना नाही, पानावर पडल्यावर उन्हाने आणि किड्याच्या पोटात गेल्यावर त्याचं रूप बदलतं, ते बदललेलं रूप चाकात अडकतं. मग एटीपी हळूहळू संपत जातं, माशी सुस्तावते, रस ओढायचं बंद करते आणि मग मरते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं उलटी करून मोजा, दुसऱ्या दिवशी नाही. डोस लेबलवर कपाशीला हेक्टरी ६०० ग्रॅम आहे तोच ठेवा, ढगाळ दिवस असेल तर आणखी थोडी वाट बघा.

मिरचीवर कोळी (माइट, रस ओढणारी बारीक कीड) आला की क्लोरफेनापायर मारता ना, तेही विजेचंच औषध पण त्याची चाल वेगळी, ते चाकाला हात लावत नाही, भिंतीलाच भोकं पाडतं. पाणी नुसतं वाहून जातं, चाक फिरत नाही आणि सगळी ताकद उष्णता होऊन वाया जाते. फेनाझाक्विन तिसऱ्याच ठिकाणी, धरण भरणारे पंपच बंद करतं.

दुसरा प्रश्न. "मी तर दर वेळी औषध बदलतो, आधी इमिडाक्लोप्रिड, मग थायोमेथोक्झाम, मग असिटामिप्रिड, तरी तुडतुडे हटत नाहीत."

भाऊ, तुम्ही बाटली बदलली, औषध बदललंच नाही. एका नसेकडून दुसरीकडे निरोप जातो तो केमिकलने जातो, असिटिलकोलीन त्याचं नाव, आणि पलीकडच्या नसेवर त्याचं कुलूप असतं. ही तिन्ही औषधं त्याच एका कुलपाला लागणाऱ्या डुप्लिकेट चाव्या आहेत. ज्या तुडतुड्याचं कुलूप जरा बदललेलं आहे किंवा ज्याला चावी पचवता येते तो तिघांनाही पुरून उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. जगभर कीटकनाशकांना कामाच्या जागेप्रमाणे ग्रुप नंबर दिलेत, ही तिन्ही ४ए मध्ये. डायफेन्थियुरॉन १२ए, फ्लोनिकॅमिड २९ (त्याने किडा रस ओढायचाच थांबतो आणि उपाशी मरतो). लागोपाठ दोन फवारण्या एका ग्रुपच्या नकोत एवढं पाळा. दुकानात कंपनीचं नाव विचारू नका, टेक्निकल, म्हणजे आतलं मूळ औषध, काय आहे ते विचारा, डब्यावर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

तिसरा प्रश्न एका ताईंनी विचारलाय, आणि मला वाटतं हाच खरा महत्त्वाचा. "मालक फवारून आले की घाम सुटतो, डोळ्यापुढे अंधुक दिसतं, तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून परत जातात. दूध देऊ का लिंबूपाणी?"

ताई, दोन्ही नको, आणि त्यांना परत पाठवू नका. वर सांगितलं ते असिटिलकोलीन, निरोप देऊन झाला की त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं, कोलिनेस्टरेज. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही औषधं त्या एन्झाइमला चिकटतात. म्हणजे स्टार्टर चिकटला, मोटर बंदच होत नाही. लाळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक, उलटी, जुलाब, अंग फडफडणं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. किड्याचं मशीन आणि आपलं मशीन यात इथे काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं ते फसवं आहे, गेलेलं एन्झाइम पूर्ण भरून यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर परत फवारलं की आधीच्या तुटीत भर पडते.

मिश्रण केलं तर आणखी बिघडतं. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र का विकतात माहिती आहे का? सायपरमेथ्रीन पचवणारं जे एन्झाइम किड्यात असतं त्यालाही प्रोफेनोफॉस बांधून टाकतं, म्हणून रिझल्ट जबरदस्त. पण तसं एन्झाइम आपल्या अंगातही आहे आणि तेही बांधलं जातं. त्यात मनाने तिसरं आणि चौथं औषध, वर टॉनिक, असा काढा लोक पंपात करतात. २०१७ ला यवतमाळमध्ये वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, कपाशी डोक्याच्या वर वाढलेली आणि फवारा तोंडावर येत होता.

असं झालं तर कपडे तिथेच काढा, साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचे सगळे डबे सोबत न्या, सगळे म्हणजे सगळे. कारण प्रोफेनोफॉसच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा चालतो पण क्लोरफेनापायर किंवा डायफेन्थियुरॉनवर त्याचा उतारा नाही, ती विजेची विषं आहेत, नसेच्या कुलपावर काही करून उपयोग नाही. क्लोरफेनापायर पोटात गेलेला माणूस तर पहिले काही दिवस बोलतो, चालतो, नुसता घाम आणि ताप असतो (तीच वाया जाणारी उष्णता), आणि मग एकदम खालावतो, म्हणून बरा दिसतोय म्हणून घरी आणू नका. ॲट्रोपिनची गोळी आधीच खाऊन फवारायला जातात काही जण, तेही बंद करा, त्याने लक्षणं झाकली जातात आणि विष आत चालूच राहतं.

ताई, मालकांना निदान महिनाभर फवारणीपासून लांब ठेवा आणि सिव्हिलला जाऊन कोलिनेस्टरेजची रक्त तपासणी होते का विचारा. राहिलेलं शेत कुणाकडून फवारून घ्यायचं असेल तर वारा पाठीमागून, सकाळी, आणि एका वेळी पंपात एकच औषध.