तिसरी-चौथीच्या मुलांना हिवताप आणि एचआयव्हीबद्दल काय आणि कसं शिकवायचं?

प्रश्न असा आहे: गडचिरोली जिल्ह्यातली झेडपी शाळा, तिसरी-चौथीचा वर्ग, आणि हिवताप व एचआयव्ही या दोन्हींच्या प्रतिबंधावर एकाच दिवशी दोन तास घ्यायचे आहेत. एवढ्या लहान मुलांना सांगायचं तरी काय?

आधी तो 'एकाच दिवशी'चा बेत मोडा. सकाळी 'डास चावल्याने आजार होतो' आणि दुपारी 'रक्तातून आजार पसरतो' असं ऐकलेलं पोर संध्याकाळी घरी सांगणार की डासाने एड्स होतो. त्यात पोराची चूक नाही, दोन वाक्यं जोडली की तेच निघतं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा पावसासोबत हिवताप घ्या. एचआयव्ही १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या आसपास ठेवा. त्या दिवशी 'मग डासाने एचआयव्ही का होत नाही?' हे कोणी विचारो न विचारो, तुम्हीच काढा. डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नाही. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचतो, त्याला दहा-बारा दिवस लागतात. एचआयव्ही तिथे वाढतच नाही, पोटात पचून जातो. चौथीच्या मुलाला हे नीट कळतं.

हिवतापाच्या तासात बहुतेक शाळा 'टाक्या, टायर, कुंड्या रिकाम्या करा' यावरच थांबतात. तो धडा खरं तर डेंग्यूच्या डासाचा. तुमच्या भागात हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस नाल्याच्या कडेच्या संथ पाण्यात, धानाच्या बांध्यांत, खड्ड्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मुलं बांधी उपसू शकत नाहीत. कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाणी साठवलेली भांडी रिकामी करणं) जरूर पाळा, पण वेळेचा मोठा वाटा मच्छरदाणी आणि तापाची तपासणी यांना द्या.

मच्छरदाणी वर्गातच बांधा. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, खाली सतरंजी, आत दोन मुलं झोपलेली, आणि बाकीच्यांनी कडेने हात फिरवून बघायचं की पंजा कुठून आत जातो. तो हमखास जातो: कोपऱ्याशी, किंवा जिथे कड सतरंजीखाली खोचलेलीच नाही. आत झोपलेल्याचा कोपर जाळीला टेकला असेल तर तेही दाखवा, कारण डास जाळीतूनही चावतो. भोक दिसलं तर सुईदोऱ्याने तिथल्या तिथे शिवून दाखवा. औषधयुक्त मच्छरदाणी नवी असेल तर आधी एक दिवस सावलीत उघडी टांगायची. धुताना साधा साबण, वाळवताना सावली. नाल्यात धुवायची नाही, औषधाने मासे मरतात. औषध साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकतं, म्हणून दर आठवड्याला धुणाऱ्या घरातली जाळी वर्षाच्या आतच निकामी होते. उगाच धुऊ नका, हा निरोप मुलांकरवी घरी पोचवा.

'काल कोण मच्छरदाणीत झोपलं?' असं विचारू नका, सगळे हात वर जातात. त्याऐवजी 'तुझ्या घरात कोण कुठे झोपतं ते काढून दाखव' म्हणा. चित्रात मच्छरदाणी कोंबड्यांवर, धानावर किंवा मासे धरायला गेलेली दिसेल. रागावू नका, नाहीतर पुढच्या चित्रात खोटी मच्छरदाणी येईल. रात्री शेत राखायला जाणारी आणि पहाटे मोह वेचायला जाणारी मुलंही याच चित्रांतून कळतात. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. शेत राखायला जाताना मच्छरदाणी सोबत न्यायची, मोह वेचताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे.

अळ्या दाखवायच्याच असतील तर रुंद तोंडाच्या पारदर्शक बरणीत खड्ड्यातलं पाणी घ्या आणि तोंडावर कापड ताणून रबर लावा. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. इतर डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लोंबतात. बरणीला टिचकी मारली की वळवळत खाली जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. स्वल्पविरामासारखा वाकलेला दिसतो तो कोष, त्यातून दोन-तीन दिवसांत डास निघतो. कापड सैल राहिलं तर वर्गात डास तुम्हीच सोडले असं होईल. काम झालं की पाणी तापलेल्या कोरड्या मातीवर ओता, गटारात नको.

तापाबद्दल एकच नियम पाठ करून घ्या: ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे. थंडी वाजायची, किंवा ताप एक दिवस सोडून येतो का याची वाट बघायची नाही. लहान मुलांत नुसता ताप आणि उलट्याही असू शकतात. बोटातून थेंबभर रक्त घेतात, किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जाऊ द्या, पण तपासणी आधी. हिवतापाच्या जंतूचे मुख्य प्रकार दोन, फॅल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स. फॅल्सिपॅरम मेंदूत गेला तर झटके येतात, शुद्ध जाते. गोळ्या पूर्ण घ्यायच्या. व्हायव्हॅक्स निघाला तर प्रायमाक्वीन हे औषध चौदा दिवस असतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, गोळ्या कोनाड्यात राहतात आणि यकृतात लपलेला जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो.

आता एचआयव्ही. पहिली-दुसरीला नावसुद्धा घेण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायचा नाही, गुरुजींना हाक मारायची. पडलेली सुई किंवा ब्लेड उचलायचं नाही. एवढं पुरे. तिसरी-चौथीला नाव सांगा आणि तीन वाटा सांगा: वापरलेल्या सुईतून किंवा तपासणी न केलेल्या रक्तातून, आईकडून बाळाला (आईने औषध घेतलं तर हा धोका खूपच कमी होतो), आणि मोठ्या माणसांच्या शरीरसंबंधातून. तिसरी वाट गाळावी असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही, कारण मग ती अर्धवट बाहेर कळते. एका वाक्यात सांगा. कोणी खोदून विचारलं तर 'ती मोठ्यांची गोष्ट आहे, पुढच्या वर्गात शिकाल' म्हणा, पण खोटं सांगू नका. नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणून मोठ्यांना सांगायचं, हेही याच तासात येऊ द्या. जत्रेतलं गोंदण विसरू नका: एकच सुई दहा हातांवर चालते. उलट आशाताई प्रत्येकासाठी नवी सुई फोडतात, ती नवीच आहे हे बघायला मुलांना सांगा.

शाळेत सांडलेलं रक्त मुलांनी पुसायचं नाही. ज्याला लागलं त्याने स्वतःच स्वच्छ कापडाने जखम दाबायची. हातमोजे तुम्ही घालायचे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी. जमिनीवरच्या रक्तावर जुनं कापड टाकून ब्लिचिंगचं पाणी ओता, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. लिटरभर पाण्याला साधारण ३० ग्रॅम पावडर लागते आणि ती ताजीच हवी. उघड्या पाकिटातली कुचकामी असते.

मग चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. 'एका ताटात जेवलो', 'कबड्डीत पकडलं', 'एकच ब्लेड दोघांनी वापरलं', 'डास चावला': याने एचआयव्ही होतो की नाही? डोळे मिटून अंगठा वर किंवा खाली. डोळे उघडे ठेवले तर सगळा वर्ग हुशार मुलाकडे बघून अंगठा करतो.

हाडाच्या सापळ्याची पोस्टर लावू नका, 'एड्स म्हणजे मरण' म्हणू नका. त्याच वर्गात रोज गोळी घेणारं मूल बसलेलं असू शकतं, आणि गोळी नियमित घेतली तर ते शिकून मोठं होतं. गावातल्या कुणाचं उदाहरण तर अजिबात नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एखाद्याची स्थिती संमतीशिवाय उघड करायला आणि शाळेत भेदभाव करायला बंदी आहे. एखादं मूल भर वर्गात 'माझ्या बाबांना आहे' असं बोलून गेलं, तर 'बरं, आपण नंतर बोलू' म्हणून पुढची चिठ्ठी वाचा. नंतर एकट्याशी बोला, कुठल्याही नोंदवहीत लिहू नका, आणि घरच्यांना १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या. १०९८ हा मुलांसाठीचा वेगळा क्रमांक आहे, फळ्यावर लिहिताना दोन्हींची अदलाबदल होते.