पावसाळ्यात कुत्र्याला गोचीड झाले आहेत, रॉकेल लावू का? आणि अंग गरम लागतंय, तर आपली पॅरासिटामॉल चालेल का?

दोन्ही करू नका. आठ महिन्यांचं पिल्लू आहे, दोन दिवस नीट जेवत नाही असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी एक करा. त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोनेक सेकंदांत परत गुलाबी होते. फिकट किंवा पिवळसर दिसली, तर आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. हिरड्या मुळात काळ्या असतील, तर डोळ्याची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघा.

एवढ्या आग्रहाने सांगतेय, कारण आमच्या खंड्या कुत्र्याच्या वेळी मी हेच बघितलं नव्हतं. चिपळूणचा ऑगस्ट, बाहेर संततधार. त्याने भाकरी-अंड्याला तोंड लावलं नाही, तर आम्ही म्हटलं, कुंद हवा आहे, मरगळलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या भांड्याजवळ पांढऱ्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. नाकातून येत होतं. ओठ उचलला, तर हिरड्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं, तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ३० हजारांच्याही खाली. निरोगी कुत्र्याच्या साधारण २ लाखांच्या वर असतात. गोचीडताप निघाला, त्यातला एहर्लिकिया नावाच्या जंतूचा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस चाललं, तेव्हा तो वाचला. त्याच्या अंगावरून मी सगळे मिळून चार गोचीड काढले होते. फार नाहीत म्हणून निर्धास्त होते.

अंगावर दिसतात ते थोडेच असतात. कुत्र्याचा हा तपकिरी गोचीड घरातच संसार थाटतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, पलंगाखाली, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. उपाशीपोटी हे किडे कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात घाला आणि फटी साफ करा. फवारणीचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच आणा.

रॉकेलने कातडी भाजते, शिवाय ते चाटून पोटात जातं. चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. बोटांनी चिरडायचा नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली रोज बघा. गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या आणि मानेवर घालायचे थेंब मिळतात, पण मात्रा वजनावर ठरते. घरात मांजर असेल तर फार जपा! कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आता तापाचं. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं रोजचंच तापमान. थर्मामीटर गुदद्वारात लावूनच मोजा. पॅरासिटामॉल घरच्या अंदाजाने कुत्र्याला द्यायची नाही. मांजराचा तर एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन या आपल्या वेदनाशामक गोळीने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

पावसाळ्यातलं आणखी थोडं. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लस दर वर्षी द्या. उंदीर मारायचं औषध ठेवत असाल, तर त्याचं वेष्टन फेकून देऊ नका, जपून ठेवा. त्यातल्या काही औषधांनी रक्तस्राव तीन-चार दिवसांनी सुरू होतो आणि तेव्हा कशाने झाला हे आठवत नाही. गणपतीत शिऱ्यातले बेदाणेही त्याला देऊ नका, मूत्रपिंडांना घातक असतात.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर ‘आधी गोळ्या देऊन बघू’ म्हणत पुढे ढकलू नका. आणि हिरड्यांचा रंग काय दिसला, ते मला आजच कळवा.