आधी अळू आण

कमळाच्या पानासारखं पाणी झटकणारं कोटिंग करायचंय ना? मग रसायनं मागवण्याआधी खंडेराव मार्केटातून अळूची जुडी आण. पानाला बोट न लावता थेंब सोड, पान जरासं कलतं कर. पाऱ्यासारखा घरंगळतो, वाटेतली धूळही उचलून नेतो. आता तीच जागा अंगठ्याने चोळून पुन्हा थेंब सोड. चिकटला? पानावरच्या मेणाचा सूक्ष्म खडबडीतपणा गेला. आपली कोटिंगंही इथेच मार खातात, म्हणून घासून बघितल्याशिवाय कशावरही विसंबू नकोस.

आणि नुसता स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा, तितका थेंब गोल) मोजून थांबू नकोस, हे कळकळीनं सांगतोय. ताज्या गुलाबपाकळीवरही तो १५०° च्या आसपास मिळतो, तरी पाकळी उलटी केली की थेंब तसाच लटकून राहतो. घसरणकोन, म्हणजे पृष्ठभाग किती कलला की थेंब घसरू लागतो तो कोन, १०° च्या आत हवा. तो प्रत्येक नमुन्याचा मोज.